माझंच चुकलं असेल!

रविवारची दुपार होती. जेवणं उरकून, झाकपाक करून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तोच पुण्याहून आमचे धाकटे भाऊजी आले. एरवी येतात तेव्हा पुतण्यांसाठी खाऊचा पुडा असतो. या वेळी खांद्याला नुसती लॅपटॉपची पिशवी!

"वहिनी, एक काम होतं," पाणी पिता पिता म्हणाले.

मला वाटलं, जाताना लसणीची चटणी नाहीतर मेतकूट मागणार. पण नाही.

"मला पाच बायका पाहिजेत. ज्यांनी आयुष्यात कधी वेबसाईट केलेली नाही अशा."

"अगंबाई! त्या तर आमच्या गल्लीत पन्नास मिळतील," मी म्हटलं. "त्यांतली पहिली तुमच्यासमोरच बसली आहे."

भाऊजी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत आहेत. घरगुती उद्योग करणाऱ्यांना स्वतःची वेबसाईट स्वतःच बनवता यावी, अशी काहीतरी सोय ही मंडळी तयार करत होती. आता आमच्या कराडच्या गल्लीतला आमचा बचत गट दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतो. पुण्या-मुंबईचे लोक फोनवरून विचारतात, "तुमचं काय काय असतं? फोटो आहेत का?" तेव्हा आम्हालाही वेबसाईट हवीच होती. भाऊजींनी आधीच आमच्याकडून चकली, चिवडा, अनारसे आणि पापड यांचे फोटो मागवून, भाव आणि फोन नंबर त्यात भरून ठेवले होते. उरलं होतं एकच. तिचं रूप निवडायचं.

या रूपाला ते लोक थीम म्हणतात. तुम्ही म्हणाल, थीम म्हणजे काय बाई? हल्ली डोहाळजेवणाचीसुद्धा थीम असते, तसलं काही? नव्हे. वेबसाईटवरचा मजकूर आणि फोटो आपलेच. पण पाठीमागचा रंग कोणता, अक्षरांचं वळण कसं, फोटो मोठा की लहान, वर की खाली, हे जे सगळं ठरतं ती थीम. म्हणजे बाई तीच, साडी निराळी. साडी बदलली म्हणून काही बाई बदलत नाही.

"पण मग आम्हा बायकांची परीक्षा कशाला घेता?" मी विचारलं.

"वहिनी, परीक्षा तुमची नाही, आमची," भाऊजी म्हणाले. "तुम्ही कुठे अडता ते मला बघायचंय. तुम्ही अडलात, तर आमचं चुकलंय."

आता इतकी वर्षं परीक्षा देऊन आणि घेऊनही हे वाक्य काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मराठी आणि इतिहास. मुलगी अडली म्हणजे मुलीचं चुकलं, एवढं साधं गणित मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मधल्या खोलीत टेबल मांडलं. भाऊजींनी नियम सांगितले. एका वेळी एकीनंच आत यायचं. बाकीच्यांनी स्वयंपाकघरात बसायचं, म्हणजे एकीचं ऐकून दुसरी शहाणी व्हायला नको. आत आलेलीनं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. "हे काय बाई," वाटलं तर तेही बोलायचं. आणि बघणाऱ्यानं? बघणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं. काही सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, 'हं' म्हणायचं नाही.

आणखी एक गंमत सांगते. भाऊजी आम्हाला "थीम निवडा" असं म्हणालेच नाहीत. "तुमच्या फराळाला शोभेल असं रूप या वेबसाईटला द्या," एवढंच म्हणाले. मी नंतर कारण विचारलं, तर म्हणाले, "बटणावर जो शब्द लिहिलाय तोच मी तोंडानं सांगितला, तर तुम्ही तो शब्द शोधून बटण दाबाल. मग तो शब्द तुम्हाला कळतो की नाही, हे मला कसं कळणार?" खरंच की! प्रश्नातच उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं.

पहिली मीच बसले. नाही म्हटलं तरी बी. ए. झालेली, शाळेत निकालाचे तक्ते संगणकावर भरणारी. मनात म्हटलं, त्यात काय मोठंसं!

स्क्रीनवर साठेक चित्रं एका खाली एक. साडीच्या दुकानात गादीवर शंभर साड्यांचा ढीग पडला की जसं होतं, तसंच झालं. दहा पाहिल्यावर अकरावी दिसेना. नावं सगळी इंग्रजी, कुठलं फुलाचं, कुठलं शहराचं. कुठली खाण्याच्या धंद्याची आणि कुठली शिकवणीची, काही पत्ता लागत नव्हता. शेवटी हळदीच्या रंगाची एक आवडली. तिच्यावर दाबलं, तर चित्र मोठं झालं. निळा डोंगर, कॉफीचा कप आणि खळखळून हसणारी एक मडम. वा, म्हटलं, छान आहे. 'सक्रिय करा' असं लिहिलं होतं, तिथे दाबलं.

आणि काय सांगू! डोंगर गेला, कप गेला, मडम गेली. वर नुसता मोठा करडा चौकोन आणि अगदी खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढी आमची चकली. अनारसे तर कुठे दिसेचनात. माझ्या कपाळाला घाम आला. सगळ्या गटाचं काम मी एका बोटानं बुडवलं, असंच वाटलं.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मी पुटपुटले.

भाऊजींनी वहीत एक रेघ ओढली. नुसतं विचारलं, "वहिनी, दाबल्यावर काय दिसेल असं तुम्हाला वाटलं होतं?"

"काय म्हणजे? जे चित्रात होतं ते. डोंगराच्या जागी आमची चकली."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग हळूच सांगितलं की काही बुडालेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे.

माझ्यानंतर समोरच्या काकू आल्या. त्यांनी पहिलंच चित्र निवडलं. का, तर "पहिलं आहे म्हणजे चांगलंच असणार." पण पुढे कुठलं बटण दाबायचं ते सापडेना. ते बटण माऊसचा बाण चित्रावर नेला तरच उमटत होतं, एरवी गुप्त! काकूंचा बाण आपला खाली कोपऱ्यात फिरतोय. मला राहवेना. "अहो काकू, वर न्या, वर!" मी ओरडलेच. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्गात बोलताना पकडली गेलेली मुलगीच झाले. तेवढा भाग त्यांना वहीतून खोडावा लागला. मदत केली की खरी अडचण दिसायची ती दिसतच नाही, हा त्यांचा मुद्दा.

मग पिको-फॉल करणाऱ्या ताई. चटपटीत बाई. भराभर निवडलं आणि 'सक्रिय करा' पाशी येऊन थबकल्या. हात मागे घेतला.

"काय विचार चाललाय, मोठ्यानं बोला," भाऊजी म्हणाले.

"पैसे कापणार का हो हे?" ताई म्हणाल्या. "एकदा मोबाईलवर असंच काहीतरी चालू झालं. गाणं लागलं आणि तीस रुपये गेले. ह्यांनी केवढं बोलून घेतलं होतं!"

भाऊजींच्या कंपनीत कुणाच्या डोक्यातही हे आलं नसेल. त्यांना तो शब्द म्हणजे नुसता एक शब्द. ताईंना तो शब्द म्हणजे तीस रुपये आणि घरातली बोलणी.

चौथ्या आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. त्यांनी प्रत्येक शब्द शिस्तीत वाचला. बाजूला निवडीसाठी चौकटी होत्या, त्यांत एकामागून एक खुणा केल्या. दोन रकाने, मोठा फोटो, गडद रंग, दुकान, मासिक. शेवटी उत्तर आलं, 'काहीही सापडले नाही.' बाईंनी चष्मा काढून पुसला. ज्यांच्यापुढे अख्खी शाळा चळचळा कापायची, त्या बाई एवढंसं तोंड करून म्हणाल्या, "वय झालं आता. आपल्याला नाही जमायचं हे."

भाऊजींनी आणखी एक रेघ ओढली.

पाचव्या बाई आल्याच नाहीत. त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले होते. "आता?" मी विचारलं. भाऊजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हाक मारली, "आई, तू ये गं."

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. सांगायला जड जातं, पण सांगते. वर्षापूर्वी आम्ही सासूबाईंना नवा मोबाईल घेऊन दिला. फोटो कसा पाठवायचा ते मीच शिकवायला बसले. पहिल्या दिवशी हौसेनं, दुसऱ्या दिवशी घाईनं. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, शाळेला उशीर झाला होता, त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, कितीदा सांगायचं तेच तेच!" त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला कधी मोबाईलबद्दल विचारलं नाही. फोन वाजला तर उचलायचा, बाकी नातीच्या हातात द्यायचा. मी आपली मनाशी म्हणायची, या वयात नाहीच जमत.

तर सासूबाई हात पुसत आल्या. बसल्या. भाऊजींनी तेच वाक्य म्हटलं, "आई, फराळाला शोभेल असं रूप दे." साठ चित्रांवर त्यांनी एकदा नजर फिरवली. एका ठिकाणी बोट ठेवलं. मोठं चित्र उघडलं, तोच तो डोंगर आणि तीच मडम.

"ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजी गप्प. नियमच तो.

"पापडांचा फोटो तू माझ्याच पाटावर काढून नेलास ना? मग इथे हा डोंगर कुणाचा? हे दुसऱ्याच्या घरचं चित्र आहे. माझं दाखव की." आणि मग स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "साडीवालासुद्धा साडी खांद्यावर टाकून आरसा पुढे धरतो. बाहुलीच्या अंगावरची बघून कुणी साडी घेतं का?"

खोलीत एकदम शांत झालं. भाऊजींनी पेन खाली ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या, "हे नीट केलं नाहीये तुम्ही," आणि लसूण सोलायला गेल्या.

रात्री गच्चीत चहा घेताना भाऊजींनी वही उघडली. 'माझंच चुकलं असेल,' 'मला मेलीला कळत नाही,' 'आपल्याला नाही जमायचं,' या अर्थाची वाक्यं आम्ही चौघी मिळून सतरा वेळा बोललो होतो. सासूबाई एकदाही नाही.

"हे नेहमीचंच आहे वहिनी," ते म्हणाले. अमेरिकेतल्या डोनाल्ड नॉर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. दारं, नळ आणि हो, शेगडीची बटणंसुद्धा! चार बर्नर चौकोनात आणि त्यांची बटणं एका ओळीत, मग कुठलं बटण कुणाचं? माणूस चुकतो आणि स्वतःलाच दोष देतो. खरं तर दोष त्या रचनेचा. मला माझ्या पुण्याच्या बहिणीची चार बर्नरची शेगडी आठवली. दरवेळी मी भलताच बर्नर पेटवते आणि म्हणते, "मी मेली वेंधळीच." बहीणही हसते. त्या शेगडीला आजवर कुणी वेंधळी म्हटलं नव्हतं!

"पण पाचच बायका कशा पुरतील?" माझी शंका.

त्याचंही गणित आहे म्हणे. जेकब नीलसन आणि थॉमस लँडावर या दोघांनी ते १९९३ साली मांडलं आणि २००० साली नीलसननं त्यावर लेख लिहिला. एका माणसाला बसवलं की सरासरी एकतृतीयांशाच्या जरा आतच अडचणी सापडतात. दुसऱ्याला बसवलं की त्यातल्या काही त्याच असतात, काही नव्या. असं करत पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी वर येतात. पुढे त्याच त्या दिसू लागतात. म्हणून एकदम पंधरा माणसं बसवण्यापेक्षा पाच बसवा, दुरुस्त करा, मग नवी पाच बसवा. भाताचं एक शीत दाबून पाहतो ना आपण, त्यातलाच प्रकार. फक्त इथे पाच शितं.

"आणि आईचं म्हणणं तर अगदी वर्मी लागलं," भाऊजी जरा ओशाळून म्हणाले. "वर्डप्रेस म्हणून वेबसाईट करायची मोठी सोय २००३ पासून आहे. त्यांनी २०१२ सालीच, थीम घेण्याआधी ती आपल्या स्वतःच्या मजकुरावर लावून बघण्याची आणि बघता बघता रंग बदलण्याची सोय आणली. आम्हाला ठाऊक होतं. पण मडमचं चित्र देखणं दिसतं म्हणून आम्ही तेच ठेवलं."

भाऊजी पुण्याला गेले. मी मात्र त्या सतरा रेघांतून सुटले नाही.

त्याच आठवड्यात चाचणीचे पेपर तपासत होते. इतिहासाचा एक प्रश्न बेचाळीसपैकी एकतीस मुलींनी सोडलेला. दरवेळच्या सवयीनं लाल पेन उचललं, 'लक्ष नाही!' असं लिहायला. चार पेपरांवर लिहिलंसुद्धा. मग हात थांबला. एकतीस मुलींचं एकदम लक्ष नव्हतं? प्रश्नपत्रिका काढून पाहिली. प्रश्न पानाच्या तळाशी आणि घटनांची यादी पाठीमागच्या पानावर. 'मागे पहा' कुठेही लिहिलेलं नाही. काकूंच्या त्या गुप्त बटणासारखंच की हे! आणि प्रश्नपत्रिका कुणी काढली होती? मीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, "मुलींनो, हा प्रश्न माझा चुकला. पुन्हा घेते." मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. पुन्हा घेतला, तर बहुतेकींनी तो सोडवला. त्या चार पेपरांवरचा शेरा मी खोडला. लाल शाई काही पुरती खोडली जात नाही म्हणा.

तीन आठवड्यांनी भाऊजी परत आले. या वेळी पलीकडच्या गल्लीतल्या पाच नव्या बायका बसवल्या आणि लॅपटॉपऐवजी त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर, कारण बायकांच्या हातात असतो तो मोबाईल. बटणं आता लपलेली नव्हती. साठ चित्रांऐवजी आधी सहाच समोर येत होती आणि नावं आपली साधी. खाऊ-फराळ, शिवणकाम, शिकवणी. चित्रावर बोट ठेवलं की मडम नाही, आपलीच चकली त्या रूपात दिसत होती. 'सक्रिय करा' जाऊन 'हे रूप घ्या' आलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'तुमचा मजकूर व फोटो तसेच राहतील. रूप केव्हाही बदलता येईल. पैसे लागत नाहीत.'

ती शेवटची ओळ वाचून पिको-फॉलवाल्या ताईंना इतका आनंद झाला, जणू ते तीस रुपयेच परत मिळाले.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. पाचांपैकी दोघींना वाटलं, रूप दिसलं म्हणजे लागलंच, आणि 'हे रूप घ्या' न दाबताच त्यांनी बंद केलं. भाऊजींनी कपाळावर हात मारला आणि वहीत लिहिलं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पाच बायका. पण या खेपेला 'माझंच चुकलं' च्या रेघा सतरावरून चारावर आल्या होत्या. आमच्या फराळाची वेबसाईट दिवाळीआधी लागली, सासूबाईंनी निवडलेल्या हळदी रूपात. वर त्यांच्या पाटावरचे पापड.

आणि सासूबाई? एका दुपारी, शाळेला सुट्टी असताना, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, मी मागे तुम्हाला फार तोडून बोलले. तुमचं काही चुकत नव्हतं. मीच घाईनं शिकवत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असू दे गं. कामाची गडबड असते तुझी," एवढंच म्हणाल्या. पण उठून कपाटावरचा मोबाईल घेऊन आल्या.

वन्संना अनारशांचा फोटो पाठवायचा होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. हो, खरंच! नाहीतर बोट पुढे जातंच. त्या चुकीच्या जागी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. दोनदा माझ्या ओठांवर आलं, "अहो वर, वर!" गिळून टाकलं. कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. सात मिनिटं लागली.

फोटो गेला. वन्संचा लगेच फोन आला, "आई, तू पाठवलास? एकटीनं?"

"मग कोणी?" सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हळूच हसल्या.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादं बटण सापडलं नाही, फॉर्म भरता आला नाही, भलताच बर्नर पेटला, तर "माझंच चुकलं असेल" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. आणि आपल्या घरात कुणी तेच वाक्य पुटपुटत असेल, तर ते वाक्य त्यांना शिकवलं कुणी, हेही जरा आठवून पाहा. मला आठवलं. म्हणून तर हे लिहायला बसले.